घाटमाथ्याची बेगमी

लोहगडवाडीवरून गडाच्या पायऱ्या चढू लागले म्हणजे गणेश दरवाज्यामागून नारायण दरवाजा येतो. नाना फडणीसांनी बांधविलेल्या या दरवाज्यालगतच्या भुयारात भात व नाचणी साठवीत असत. लक्ष्मीकोठीच्या आणि नानांच्या खजिन्याच्या कथांत रमलेला प्रवासी त्या अंधारात क्षणभर डोकावून पुढे सरकतो. माझ्या मते मात्र या गडाचे राजकारण समजून घ्यायचे, तर आरंभ या भुयारापासूनच करावा.

इंद्रायणी आणि पवना या दोन खोऱ्यांमधील डोंगरधारेवर, गायमुख खिंडीच्या एका अंगास लोहगड व दुसऱ्या अंगास विसापूर असे हे जोडकिल्ले उभे आहेत, आणि कोकणातून बोरघाट चढून पुण्याकडे जाणारा मार्ग त्यांच्या नजरेखालून जातो. या मार्गावरील अंतर कागदावर कोसांत लिहीत असले, तरी व्यवहारात ते दिवसांत मोजावे लागे, आणि आषाढात त्या दिवसांचाही भरवसा नसे. वैशाखात जो तांडा ठरल्या मुक्कामी दिवेलागणीस पोचे, तोच पाऊस लागल्यावर ओढ्याच्या काठी पाणी उतरण्याची वाट पाहत खोळंबे. शिवाय लवकर पोचण्याला मर्यादा असते, उशिराला नसते. म्हणून जेथे हा बेभरवसा सुरू होतो आणि जेथे तो संपतो, अशा दोन्ही टोकांना सोय करणे हाच शहाणपणा होता. घाटाच्या पायथ्याशी खोपोलीस नानांनी तलाव व महादेवाचे मंदिर बांधविले, त्यामागे धर्मबुद्धी होतीच. पण चढण लागण्यापूर्वी बैलांना पाणी आणि माणसांना विसावा मिळावा, ही कारभारी दृष्टीही त्यात असावी. माथ्यावरच्या भुयारातील अंबारखान्याचे प्रयोजन वेगळे. तेथून नित्याची रसद वाटणे गैरसोयीचेच, परंतु वाट बंद पडल्यावर शिबंदीला उपास पडू नयेत एवढी पावसाळ्याची बेगमी तेथे सुरक्षित राही.

ही जाण पेशवाईहूनही जुनी आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने कार्ल्याच्या लेण्यातील भिक्षूंस करजिक गाव दिले, ते वर्षावासाच्या निर्वाहासाठी, असे तेथील शिलालेख सांगतो; पावसात ज्याने चालायचे नाही, त्याच्या अन्नाची तरतूद आधीच व्हावयास हवी.

पावसाचा हा बेभरवसा इंग्रजांनाही चुकला नाही. 1803 मध्ये जनरल वेलस्लीने पनवेलीस सामान जमविले, परंतु नद्या उतरण्यासाठी मागविलेला तरत्या पुलाचा अवजड सरंजाम पावसाळी चिखलाने हतबल केला, आणि अखेर टोपलीवजा होड्यांवर भिस्त ठेवावी लागली. चाकाच्या गाड्यांना योग्य असा घाटरस्ता 1830 साली माल्कम साहेबाच्या अमदानीत खुला झाला, तरी गाडी घाटात वेळेवर चालेल अशी हमी त्या रस्त्याने दिली नाही. 1959 साली डांट्झिग व रॅम्सर यांनी पेट्रोलच्या मालमोटारींचे मार्ग गणिताने आखण्याची रीत मांडली, तेव्हा दोन ठिकाणांमधील अंतर त्यांनी निश्चित धरले होते. बोरघाटातील तांड्याच्या नायकाने हे गृहीत ऐकून घेतले असते, पण आपले बैल त्यावर हाकले नसते.

आगगाडीलाही या घाटाने प्रथम वाट पाहावयास लावले. खंडाळा ते पुणे मार्ग 1858 साली सुरू झाला, आणि घाटातील चढण 14 मे 1863 रोजी खुली होईपर्यंत पायथा ते खंडाळा हा मधला तुकडा उतारूंनी पालखीत, तट्टावर वा बैलगाडीत बसून ओलांडला. सोळा मैलांस थोडी कमी अशी ती चढण, सदतिसांस एक असा तिचा तीव्रतम उतार आणि पंचवीस बोगदे. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 साली निवर्तल्यावर त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ठेका पुरा केला. गाडी मात्र घाटात उलट दिशा घेऊन चढे, आणि ही उलटापालट 1929 पर्यंत चालली. आजही घाट चढणाऱ्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात, आणि त्यांना मागून रेटणारी बँकर इंजिने तेथे जोडली जातात.