सी. डी. देशमुख आणि आपलं पासबुक



मागच्या मासिक बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईने विचारलं, "हे मोठे साहेब नेमके कोणाच्या कामाचे?" तिचा राग खरा होता. कर्जाचा प्रस्ताव बँकेत पडून राहिला, पेरणी तोंडावर आली आणि तिला सावकाराचं दार धरावं लागलं. म्हणून आज आम्ही एका मोठ्या साहेबाची गोष्ट सांगतो.

चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ चा, रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या नाते गावचा. १९१२ साली ते मॅट्रिकला पहिले आले आणि १९१८ साली आय.सी.एस.च्या परीक्षेतही पहिले. नेमणूक झाली आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडात. तेव्हा वर्धा जिल्हाही याच प्रांतात होता. इथे त्यांनी जमिनीचा बंदोबस्त, महसूल आणि वित्त ही खाती सांभाळली.

१९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री. १९५१ मध्ये रिझर्व्ह बँकेने खेड्यांतल्या कर्जाची पाहणी सुरू केली. तिच्यात काय दिसलं? शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जातले सुमारे सत्तर सावकारांचे आणि सहकारी संस्थांचे जेमतेम तीन! त्यानंतर १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक उभी राहिली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडायच्या, असं बंधन तिच्यावर होतं.

१९५३ मध्ये त्यांनी दुर्गाबाईंशी लग्न केलं. दुर्गाबाई संविधान सभेच्या सदस्य होत्या. त्याच वर्षी त्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. घरात दोघांचंही काम मोठं होतं.

१९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचं ठरलं, तेव्हा देशमुखांनी मंत्रिपद सोडलं. पुढे १९५९ मध्ये सरकारी सेवेसाठी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९८२ मध्ये ते गेले. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेच्या शेती कर्ज विभागाचं काम घेऊन नाबार्ड सुरू झाली. १९९२ मध्ये नाबार्डनेच ५०० बचत गट बँकांशी जोडायचं ठरवलं. आपलं पासबुक त्याच वाटेने आलं.

ताईला आम्ही एवढंच म्हटलं, चांगल्या साहेबाने वाट करून ठेवली, पण चालावं आपल्यालाच लागेल. सोमवारी आम्ही सगळ्या जणी बँकेत जातो आहोत. प्रस्ताव दिल्याची पोच सोबत आहे. तुमच्या गटाने पोच घेतली आहे ना?