वाईला एक दिवस : उत्सव, घंटा आणि पानिपतचे कागद

वाईच्या कृष्णाबाईच्या उत्सवाला नेमके केव्हा जावे, या प्रश्नाला एका तिथीत उत्तर देता येत नाही. हा उत्सव एका दिवसाचा नाही आणि एका जागेचाही नाही. माघात तो सुरू होतो आणि फाल्गुनात शिरतो. कृष्णेच्या काठाने वाईच्या सात आळ्या आणि त्यांचे घाट आहेत: भीमकुंड, धर्मपुरी, गणपती आळी, मधली आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि गंगापुरी. प्रत्येक आळीचे दिवस ठरलेले असतात. आपली पाळी आली की ती आळी घाटावर मांडव घालते, कृष्णाबाईची स्थापना करते, कीर्तन-प्रवचन लावते, हळदीकुंकू करते आणि शेवटी सगळ्यांना प्रसादाला बसवते. मग पुढच्या आळीची पाळी. पुण्याहून सकाळी निघून रात्री घरी परतणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्यातली एकच आळी धड पाहता येते. उरलेल्या सहांसाठी पुन्हा यावे लागते, आणि मी येत राहिलो.

लहान गावांचे उत्सव पाहायला जाताना मी एक शिरस्ता ठेवला आहे. उत्सवाबरोबर त्या गावातली, जिचे साल ठाऊक आहे अशी एक तरी वास्तू पाहायची. उत्सव आपले वय सांगत नाही, आणि सांगितलेच तर वाढवून सांगतो. दगडाला ती सोय नसते. दोन्ही शेजारी ठेवले की गावाने काय लक्षात ठेवले आणि काय बाजूला सारले, याचा थोडा अंदाज येतो. वाईत हा ताळा जितका रंजक झाला, तितका क्वचितच कुठे झाला असेल.

परंपरा अशी की, अफझलखान वाईला येऊन बसला तेव्हा इथल्या शेंड्ये घराण्यातल्या एका शास्त्र्यांनी कृष्णेला नवस केला: शिवाजीराजे या संकटातून पार पडले तर तुझा उत्सव करू. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेला आणि नवस फेडणे आले. ही परंपरा आहे आणि मी ती परंपरा म्हणूनच देतो. पण तिच्या भोवतालची परिस्थिती मात्र भक्कम आहे. अफझलखान वाईला परका नव्हता. आदिलशाहीकडून वाईची सुभेदारी त्याच्याकडे होती. त्याची माणसे, त्याचा कारभार, त्याचा वसूल हे सारे गावाने वर्षानुवर्षे पाहिलेले होते. प्रतापगडावर जाण्यापूर्वी त्याचा तळ याच मुलखात पडला. तेव्हा नवस करणाऱ्याला संकट कथेतून कळलेले नव्हते, ते त्याच्या दारासमोरच उतरले होते. आणि उघडपणे विजय मागता येत नसेल, तर नदीकडे मागता येतो. नदीच्या काठी उभे राहून मनातल्या मनात बोललेले सुभेदाराच्या माणसांना कसे कळणार?

तिथींकडेही पाहावे. खान पडला तो मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला. उत्सव मात्र माघ-फाल्गुनातला. नवस मार्गशीर्षात फळला आणि फेडला माघात, यात मला विसंगती वाटत नाही. आषाढ-श्रावणात कृष्णा घाटाच्या पायऱ्या गिळते. माघात पाणी उतरलेले आणि निवळलेले असते, खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, पिके घरात आलेली असतात, रात्री गारव्यात कीर्तनाला बसता येते. नदीचा उत्सव नदीच्या अंगावर बसून करायचा, तर ती थोडी बाजूला सरकलेली हवी. (आता वर धोमचे धरण आहे. त्यामुळे वाईत पाणी किती असावे, हे ऋतूइतकेच पाटबंधाऱ्यावरही अवलंबून असते.)

एका वर्षी गणपती आळीच्या मांडवात पंगतीला बसलो होतो. वाढणाऱ्या आजींनी विचारले, “कुठनं आलाय?” पुणे म्हटल्यावर म्हणाल्या, “मग कृष्णाबाई बघितली का नुसता गणपतीच?” बाहेरचा माणूस वाईत काय पाहतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

बाहेरचा माणूस ढोल्या गणपती पाहतो. काळ्या दगडातली ती विशाल मूर्ती आणि मत्स्याच्या आकाराची देवळाची मागची भिंत. पुराचे पाणी फाकून दोन्ही बाजूंनी निघून जावे, म्हणून नदीच्या प्रवाहाकडे असलेली ती भिंत तशी निमुळती बांधली आहे. घाटावरच्या गवंड्याने नदीशी केलेला हा समझोता अडीचशेहून अधिक वर्षे टिकला आहे. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. शेजारचे काशीविश्वेश्वराचे देऊळ आनंदराव भिकाजी रास्ते यांचे, १७५७ मधले. म्हणजे आज कृष्णाबाईच्या उत्सवाची पार्श्वभूमी म्हणून जी वाई आपल्या डोळ्यांत भरते, ती अफझलखानानंतर शंभर वर्षांनी उभी राहिली. नवस शिवकालातला आणि मंच पेशवाईतला. बहुतेक पाहुणे ही दोन शतके एकाच छायाचित्रात घेऊन घरी जातात.

मला अडकवून ठेवले ते १७६२ या सालाने. भिकाजी नाईक रास्ते यांची मुलगी गोपिकाबाई ही नानासाहेब पेशव्यांची पत्नी. तिचा थोरला मुलगा विश्वासराव १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडला. त्याच वर्षी जून महिन्यात नानासाहेबही गेले. गणपतीचे देऊळ याच्या दुसऱ्या वर्षीचे. रास्त्यांच्या घरातल्या मामांनी, भाचा आणि मेहुणा गेल्यावर वर्षभरात हे देऊळ पुरे केले. देऊळ शोकातून उभे राहिले असे मी म्हणणार नाही. एवढे काम वर्षभरात मनात येऊन पुरे होत नसते, ते आधीच चालू असणार. पण त्या मूर्तीसमोर पहिल्या वर्षी जे हात जोडले गेले असतील, त्यांत पानिपताने ओरबाडलेले हात होते, एवढे म्हणायला हरकत नाही.

वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवली आहे. १७६८ मध्ये हे गाव नाना फडणविसांना इनाम मिळाले. तिथे त्यांनी वाडा बांधला, घाट बांधला, मेणेश्वराचे आणि विष्णूचे देऊळ बांधले. वाड्याला सहा चौक, भिंतींवर चित्रे, आणि मागच्या दाराने उतरले की थेट अर्धचंद्राकार घाट. हिंदी सिनेमावाल्यांना या घाटाचा शोध फार पूर्वी लागला. ‘स्वदेस’मधले गाव म्हणून अनेकांनी तो पाहिलेला आहे. तिथे येणारी निम्मी मंडळी शाहरुख खान कुठे उभा होता ते विचारतात. विचारोत बापडे. घाटाचे त्यात काही बिघडत नाही.

मेणवलीत मी नेहमी जास्त वेळ घालवतो तो घंटेपाशी. घाटावर देवळालगत एका लहानशा दगडी वास्तूत एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियमची उठावाची आकृती आहे आणि १७०७ हे साल आहे. घंटा चर्चची, पोर्तुगीजांची, वसईहून आलेली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत पोचल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटाही अशीच पोर्तुगीज आहे. तिला सगळे नाशिक ‘नारोशंकराची घंटा’ म्हणते.

मेणवलीच्या घंटेची गोष्ट सांगताना वसई आणि नाना फडणवीस ही दोन नावे एका दमात घेतली जातात, आणि ऐकणाऱ्याला वाटते की नानांनीच ती जिंकून आणली. हिशेब करून पाहा. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा. वसई पडली तेव्हा ते जन्मलेही नव्हते. नाशिकचे देऊळ १७४७ चे, म्हणजे तिथली घंटा विजयानंतर आठ वर्षांत टांगली गेली असे धरता येते. मेणवली मात्र नानांकडे आलीच मुळी वसईनंतर एकोणतीस वर्षांनी. म्हणजे या घंटेने मधली तीन दशके तरी दुसरीकडे काढली: एखाद्या कोठारात, एखाद्या सरदाराच्या वाड्यात किंवा दुसऱ्याच एखाद्या देवळात. विजयाची खूण म्हणून तिची किंमत तोवर शिळी झालेली होती. मेणवलीच्या घाटावर ती आली तेव्हा ती लुटीपेक्षा वारसा जास्त होती, कारभाऱ्याच्या घरी पोचलेली जुनी, जड, उत्तम ओतकामाची वस्तू. ‘वसईची लूट’ या दोन शब्दांत तिची बोळवण करणे मला पटत नाही ते यामुळे.

शिवाय तिचा अर्थही बदलला. चर्चची घंटा दूरच्या माणसांना बोलावते. देवळातली घंटा आलेल्या माणसाची वर्दी देवाला देते. एकच धातू, एकच ठोका, आणि आवाजाची दिशा नेमकी उलट. मरियम मात्र तिथेच आहे. ती आकृती घासून काढणे सहज शक्य होते. कोणी काढली नाही. हे औदार्य होते की बेफिकिरी, यावर वाद घालता येईल. मला तरी कारागिरीचा आदर दिसतो.

नानांकडेच परत यायचे तर त्यांनाही पानिपत सुटलेले नव्हते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते त्या रणातून जिवानिशी निसटले. सोबत असलेली आई तिथेच हरवली. हा प्रसंग त्यांनी स्वतःच्या आत्मवृत्तात लिहून ठेवला आहे. विश्वासराव त्यांचा जवळजवळ समवयस्क. एक त्या दुपारी पडला आणि दुसरा वाचून पुढे चाळीस वर्षे दौलतीचे कागद सांभाळत राहिला. १७९६ च्या कारस्थानात पुणे सोडावे लागले तेव्हा नाना साताऱ्याहून याच वाई परिसरात आले आणि इथून घाट उतरून महाडला गेले. रास्त्यांचे देऊळ आणि फडणविसांचा वाडा यांत तासाभराची पायवाट आहे. एकाच पराभवाची दोन घरे इतक्या जवळ.

आणि तिसरे घर कागदांचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाईतल्या एका वाड्यात जुन्या पत्रांचा साठा सापडला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या हाती ती पत्रे आली आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. त्यातली पत्रे १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे थेट पानिपतापर्यंत नेणारी. राजवाड्यांनी त्या खंडाला जी दीर्घ प्रस्तावना जोडली, तिने पानिपताकडे पाहण्याची मराठी माणसाची नजर बदलली. बखरींतल्या आकांताच्या जागी पत्रांतल्या तारखा, रसद, कर्ज आणि तगादे आले. पुढे राजवाडे गावोगाव दप्तरे शोधत हिंडले, पण त्यांची सुरुवात वाईच्या कागदांनी झाली. मेणवलीचे दप्तरही नंतर द. ब. पारसनीसांच्या हाती गेले. कागद गेले म्हणून वाचले, हे खरे. वाड्यात राहिले असते तर वाळवीने आणि पावसाने त्यांचा निकाल लावला असता. पण त्याचा परिणाम असा की वाईत आज देऊळ दाखवणारे पुष्कळ भेटतात, आणि पानिपताच्या अभ्यासाचा पाया घालणारी पत्रे इथे सापडली हे सांगणारे क्वचित. उत्सवाला खानाची आठवण आहे. पानिपताला वाईत पाळी नाही.

कदाचित पराभवाचा उत्सव करता येत नाही म्हणून असेल. पण वाई विद्येचेही गाव आहे. नारायणशास्त्री मराठ्यांची प्राज्ञपाठशाळा इथली. तिथेच शिकलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अस्पृश्यता निवारणाच्या बाजूने शास्त्रार्थ मांडायला उभे राहिले आणि पुढे मराठी विश्वकोशाचे कार्यालय त्यांच्यामुळेच या गावात आले. घाटावरच्या शास्त्र्यांच्या आळ्यांतून हा विचार निघाला, हे वाईचे मला सर्वांत मोठे आश्चर्य वाटते. ज्या गावात विश्वकोशाच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्या गावाला आपल्या घाटावर चार ओळींची एक पाटी लावणे जड नाही: देऊळ १७६२, विश्वासराव कोण, कागद कुठे सापडले.

फाल्गुनात जाणार असाल तर रंगपंचमी बावधनला काढा. वाईच्या शेजारच्या या गावात भैरवनाथाचे बगाड असते. होळी पौर्णिमेला कौल लावून बगाड्या ठरतो. रंगपंचमीला कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून दगडी चाकांचा तो अवजड गाडा बैलांच्या जोड्या शेतांतून ओढत गावात आणतात, आणि उंच शिडावर बगाड्या बांधलेला असतो. पूर्वी पाठीत गळ टोचत, इंग्रजी अमदानीत त्याला बंदी झाली, आता कापडाने बांधतात. घाटावरच्या कीर्तनाशी याचे काही नाते नाही असे वाटते. पण नवस तिथेही आहे, नदी तीच आहे, आणि गाडा निघतो तो तिच्याच काठावरून. तिथे मात्र वेळेचा भरवसा धरू नका. चिखलात चाक रुतले की दुपारची संध्याकाळ होते, आणि पुण्याची शेवटची गाडी कोणासाठी थांबत नाही.