मीराबेन यांचा दुसरा हिंदुस्थान

एकाच देशांत माणूस दोनदां नवखा होऊं शकतो काय? आमच्या गिरडच्या याच वर्धा जिल्ह्यांत राहून गेलेल्या मीराबेन यांचें उदाहरण पाहावें. इंग्रज नौसेनापतीच्या या कन्येनें, मॅडेलिन स्लेड यांनीं, हिंदुस्थान प्रथम पाहिला तो मुंबईंतल्या साहेबी मेजवान्यांतून. दोन वर्षें राहूनही देश दिसला नाहीं. पुढें रोमाँ रोलाँ यांच्याकडून त्यांना गांधीजींविषयीं कळलें, तेव्हां मॅडेलिनबाईंनीं वर्षभर युरोपांतच मांडी घालून बसण्याचा, भुईवर निजण्याचा, मद्यमांस सोडण्याचा व सूत काढण्याचा सराव केला. आपले विलायतेस जाणारे तरुण फार तर काटे-चमचे धरावयास शिकत! ७ नोव्हेंबर १९२५ रोजीं त्या साबरमतीस पोंचल्या. तेथें पाहुणचाराऐवजीं पिंजण, चरखा आणि संडासांची सफाई वांट्यास आली. अंग लवकर वळलें. जीभ मात्र वळेना, आणि हिंदीसाठीं त्यांना पुढें उत्तरेस जावें लागलें. १९३५ सालीं वर्ध्याजवळच्या सिंदी गांवांत रस्त्यावरची घाण रोज उचलूनही गांवकऱ्यांची जुनी संवय सुटेना. तरी त्या खेड्यांतून परतल्या नाहींत. शेगांवांत, म्हणजे आजच्या सेवाग्रामांत, त्या आधीं राहावयास गेल्या. गांधीजी तेथें आले ते ३० एप्रिल १९३६ रोजीं.