डेटनचा खटला आणि गप्प झालेले पुस्तक

अमेरिकेच्या दक्षिण भागात टेनेसी राज्यात डेटन नावाचे एक गाव आहे. १९२५ साली त्याची वस्ती जेमतेम १,८०० होती. गावात रॉबिन्सन नावाच्या गृहस्थांचे औषधांचे दुकान होते. आपल्याकडे गावच्या उचापती जशा पारावर चालतात, तशा डेटनच्या त्या दुकानातल्या मेजाभोवती, थंड पेयाच्या पेल्यांच्या साक्षीने चालत. त्या वर्षीच्या मे महिन्यात त्या मेजावर जो बेत शिजला, त्याचा गाजावाजा साऱ्या जगात झाला.

निमित्त होते एका कायद्याचे. बटलर नावाचे एक शेतकरी राज्याच्या विधिमंडळाचे सभासद होते. मुले शिकून येतात आणि घरची श्रद्धा हरवून बसतात, अशा गोष्टी त्यांच्या कानांवर आल्या होत्या. म्हणून त्यांनी विधेयक मांडले : ईश्वराने माणूस घडवला ही बायबलातील कथा नाकारून, मनुष्य खालच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असे कोणत्याही सरकारी शाळेत शिकवू नये, शिकवल्यास १०० ते ५०० डॉलर दंड. विधेयक मंजूर झाले. हा कायदा कोणी अंमलात आणील असे राज्यपालांना वाटत नव्हते. त्यांनीही २१ मार्च १९२५ रोजी सही ठोकून दिली.

नागरिकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एका संस्थेने लगेच वर्तमानपत्रातून जाहीर केले की, या कायद्याची कसोटी पाहण्यास जो शिक्षक तयार होईल, त्याचा खर्च आम्ही सोसू. ते वाचून डेटनच्या चार पुढाऱ्यांच्या मनात आले, खटला आपल्याच गावात झाला तर गावाचे नाव होईल, व्यापारही वाढेल! त्यांनी जॉन स्कोप्स या २४ वर्षांच्या तरुण मास्तराला दुकानात बोलावून घेतले. तो मुलांना फुटबॉल आणि विज्ञान शिकवी; जीवशास्त्राचे शिक्षक रजेवर असता त्याने त्यांचा वर्गही घेतला होता. उत्क्रांतीचा धडा आपण नेमका शिकवला की नाही, हे त्याला धड आठवतही नव्हते. तरी तो आरोपी व्हायला तयार झाला.

येथे एक मौज ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या पुस्तकात तो धडा होता, ते हंटर यांचे जीवशास्त्राचे पुस्तक राज्यानेच मंजूर केलेले होते. ते विकत कोठे मिळे? तर शाळा समितीचे अध्यक्ष असलेल्या याच रॉबिन्सन यांच्या दुकानात! शिक्षकाने नेमलेले पुस्तक शिकवावे तर कायदा मोडतो, आणि कायदा पाळावा तर पुस्तक मिटून ठेवावे लागते. गरीब बिचारा मास्तर करणार काय?

१० जुलैला खटला उभा राहिला. फिर्यादीच्या बाजूने विल्यम जेनिंग्ज ब्रायन आले. तीनदा अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले, एके काळचे परराष्ट्रमंत्री. बचावाला क्लॅरेन्स डॅरो हे नामांकित वकील. गावाला जत्रेचे रूप आले. फेरीवाले आले, प्रवचनकार आले, शिकविलेले चिंपांझी आले. शिकागोच्या नभोवाणीने कामकाज थेट ऐकवले.

ब्रायन यांना केवळ हटवादी म्हणून सोडून देणे अन्यायाचे होईल. शेतकऱ्यांसाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी ते आयुष्यभर भांडले होते. ‘बळी तो कान पिळी’ हाच निसर्गाचा नियम असे शिकवल्यामुळे महायुद्धाचा नरसंहार ओढवला, असे त्यांचे मत होते. आणि हंटर यांच्या त्या पुस्तकात दुबळ्या माणसांची पैदास थांबवावी असल्या गोष्टी खरोखरच छापलेल्या होत्या. त्यांचे दुसरे म्हणणे असे की, शाळेचा पैसा लोक देतात, तेव्हा तेथे काय शिकवावे हे लोकांनीच ठरवावे. प्रश्न सोपा नव्हता. पण पृथ्वीचे वय किंवा प्राण्यांचे नाते हे मतांची मोजणी करून कसे ठरावे, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

बचावाने शास्त्रज्ञ आणले, पण ज्यूरीपुढे त्यांच्या साक्षी होऊ दिल्या नाहीत. एका चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याला मात्र डॅरो यांनी विचारले की, मास्तरांच्या शिकवण्याने तुझे काही नुकसान झाले का? मुलगा म्हणाला, नाही.

२० जुलैला गर्दीच्या भाराने मजला खचेल म्हणून न्यायालय बाहेर हिरवळीवर भरले. तेथे डॅरो यांनी चक्क ब्रायन यांनाच साक्षीला बोलावले. योनाला माशाने गिळले ते खरे का? यहोशवाने सूर्य थांबवला म्हणजे काय झाले? काइनला बायको कोठून मिळाली? सुमारे दोन तास हे चालले. सृष्टी निर्माण होण्याचे सहा दिवस चोवीस तासांचेच असतील असे नाही, एवढे ब्रायन यांनी कबूल केले. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी ती साक्ष काढून टाकली. ज्यूरीने नऊ मिनिटांत स्कोप्सला दोषी ठरवले. दंड १०० डॉलर. पाचच दिवसांनी ब्रायन डेटनमध्येच झोपेत वारले.

१९२७ साली वरच्या न्यायालयाने हा दंड रद्द केला. कारण एवढे की, ५० डॉलरवरचा दंड न्यायाधीशांनी नव्हे, ज्यूरीने ठरवायचा असतो. कायदा तसाच राहिला. स्कोप्स शिकागोला जाऊन भूगर्भशास्त्र शिकला आणि पुढे तेलाच्या धंद्यात शिरला.

नगरच्या सुशिक्षितांना वाटले, डॅरो जिंकले. पण खरा निकाल न्यायालयात लागलाच नव्हता. तो छापखान्यात लागला. हंटर यांच्या पुस्तकाची पुढची आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यातून ‘उत्क्रांती’ हा शब्द नाहीसा झाला होता. इतर प्रकाशकांनीही तेच धोरण उचलले. कोणाला अटक नाही, कोणाला दंड नाही. पण एक पिढीच्या पिढी त्या धड्यावाचून शाळेतून बाहेर पडली.

ही झोप मोडली ती १९५७ साली, रशियाचा स्पुटनिक डोक्यावरून फिरू लागला तेव्हा. आपण विज्ञानात मागे पडलो या धास्तीने अमेरिकन सरकारने पैसा ओतला, शास्त्रज्ञांनी नवी पुस्तके लिहिली आणि उत्क्रांती पुन्हा वर्गात आली. तेव्हा आर्कान्सा राज्यातील सुझन एपरसन या शिक्षिकेपुढे स्कोप्सचाच पेच उभा राहिला : नेमलेल्या पुस्तकात धडा आहे, आणि १९२८ च्या कायद्याने तो शिकवणे गुन्हा आहे. या वेळी प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६८ साली न्यायालयाने एकमताने सांगितले की, एखाद्या धर्ममताला बाधते म्हणून ज्ञानाचा एक भाग सरकारला वगळता येणार नाही. टेनेसीने आपला कायदा आदल्याच वर्षी मागे घेतला होता. हा निकाल ऐकायला स्कोप्स हयात होता.

वाद मात्र संपला नाही. त्याने वेष पालटला. बंदी घालता येत नाही, तर निर्मितिकथेला ‘निर्मितिविज्ञान’ म्हणून बरोबरीने शिकवा, असा कायदा लुइझियानात झाला. त्याविरुद्ध ७२ नोबेल पारितोषिकविजेत्यांनी न्यायालयाला निवेदन दिले आणि १९८७ साली तो रद्द झाला. मग ‘बुद्धिमान रचना’ हे नवे नाव आले. पेनसिल्व्हेनियातील डोव्हर गावात तसे निवेदन वर्गात वाचण्याचा हुकूम सुटला, तेव्हा विज्ञानशिक्षकांनी ते वाचण्यास नकार दिला. खटल्यात त्या मताच्या पुस्तकाचे जुने खर्डे पुढे आले, आणि १९८७ च्या निकालानंतर ‘निर्मिती’चा शब्द खोडून तेथे ‘रचना’ घातल्याचे उघडे पडले. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीशांनी हा धर्मच आहे, विज्ञान नव्हे, असा निर्णय दिला.

श्रद्धेला घर आहे, देवघर आहे, प्रार्थनामंदिर आहे. तेथून तिला कोणी हुसकावू नये. पण विज्ञानाच्या वर्गात पुराव्याने बोलायचे असते. दिवाळीची सुट्टी संपली की मुले दप्तरे भरू लागतील. त्यांच्या पुस्तकात काय छापले आहे ते आपण हौसेने चाळतो. डेटनची कहाणी सांगते की, काय छापलेले नाही तेही कधी तरी पाहावे.