मोंढा, कारखाना आणि लाइन : वसमतच्या मालवाहतुकीतील चालकाचा मुक्काम

निजामाच्या हैदराबाद संस्थानात वसमतची मालवाहतूक दीर्घकाळ बैलगाडीवर चालली आणि गाडीवान रात्री घरी परतणार की नाही हे बैलांच्या दमावर ठरे. मनमाड–हैदराबाद लोहमार्ग 1900 च्या सुमारास पूर्ण झाला व 1912 मध्ये पूर्णा–हिंगोली ही मीटरगेज शाखा वसमतवरून गेली, तेव्हा लांबचा पल्ला रेल्वेने उचलला आणि गाडीवानाकडे शेत ते मोंढा (मराठवाड्यात धान्याच्या घाऊक बाजाराला मोंढा म्हणतात) व मोंढा ते स्टेशन एवढीच वाट उरली. लगतच्या वऱ्हाडात ब्रिटिशांचा कारभार असल्याने सरहद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे संस्थानच्या जकातीचे, नाके होते; त्यामुळेही रस्त्याने मोठा पल्ला गाठण्यास फारसे प्रोत्साहन नव्हते.

मोटार आली ती आधी प्रवाशांसाठी, आणि तीही सरकारी मालकीची. निजाम सरकारने 1930 मध्ये रेल्वे ताब्यात घेतली व जून 1932 मध्ये त्याच रेल्वेच्या रस्ते-वाहतूक विभागाने 27 बसगाड्या आणि 166 कर्मचाऱ्यांनिशी सेवा सुरू केली. पगारी, पाळीबद्ध आणि ठरावीक मार्गावरची चालकाची नोकरी या संस्थानात अशा रीतीने फार लवकर रुजली, तर प्रवासी वाहतुकीत सरकारचाच वरचष्मा वाढत गेल्याने पुढे खाजगी मोटारमालकाला मुख्यतः मालाकडेच वळावे लागले. चालकाच्या दृष्टीने पाहता येथील पुढचा इतिहास बराचसा याच फाट्यावरून निघतो.

मालट्रकला वसमत परिसरात खरे काम दिले ते पाण्याने. पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर धरणांचे कालवे 1960 नंतरच्या दशकात वाहू लागले, ऊस वाढला आणि वसमतनगरला पूर्णा सहकारी साखर कारखाना व पुढे कुरुंद्याला टोकाई सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तोडलेला ऊस ठेवला की त्याचे वजन व साखरेचा उतारा घटतो, म्हणून तो शक्यतो दिवसभरातच गव्हाणीत, म्हणजे यंत्राकडे ऊस वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर, पडावा लागतो. ही निकड कारखान्याने तोडणी-वाहतूक कराराने भागवली : वाहनमालक कारखान्याकडून अग्रिम रक्कम घेतो, तीतून मुकादमामार्फत टोळीला उचल देतो आणि वाहतुकीचे पैसे टनावर व अंतरावर मिळतात. ज्या टोळीतील मजूर मोळ्या डोक्यावर वाहून थेट ट्रकमध्ये भरतात तिला डोकी सेंटर म्हणतात, आणि भरती केव्हा पुरी होईल हे चालकाच्या हाती मुळीच नसते.

कागदावर पाहता घराजवळ राहू इच्छिणाऱ्याला याहून सोयीचे काम सापडणार नाही, कारण फड आणि कारखाना दोन्ही त्याच पंचक्रोशीत असतात. प्रत्यक्षात संध्याकाळी भरलेला ट्रक चिखलाच्या पाणंदीतून, वेळप्रसंगी ट्रॅक्टर लावून, ओढून काढावा लागतो, मग वजनकाट्यावर रांग, मग यार्डात नंबर. गव्हाण बंद पडली की सारी रांग जागच्या जागी थिजते. अशा वेळी चालक केबिनमध्ये अंग टाकतो आणि किन्नर, म्हणजे मदतनीस, टपावर नाहीतर गाडीखाली गोधडी पसरतो, घर अवघ्या तासाभराच्या वाटेवर असतानाही. खेपेवर भत्ता मिळत असल्याने नंबर सोडून घरी जाणे परवडत नाही. अंतर कमी म्हणजे घरचा सहवास जास्त, हे समीकरण उसाच्या हंगामाने वर्षानुवर्षे खोटे पाडले आहे, आणि तरीही नवा चालक दरवर्षी त्याच हिशेबाने करार धरतो.

दुसरी वाट लाइनची. लाइनवर जाणे म्हणजे परराज्यांपर्यंतच्या फेऱ्या करणे, आणि 1975 मध्ये राष्ट्रीय परवान्याची योजना आल्यावर ती खुली झाली. कल्याण–निर्मल महामार्ग (पूर्वीचा क्रमांक 222, आता 61) परभणी, वसमत व नांदेड जोडत असल्याने येथील चालकाला लाइनची गाडी मिळणे अवघड नव्हते. लाइनवर कमाई बरी, मात्र परतीचा माल मिळेपर्यंत गाडी जिथे असेल तिथेच मुक्काम.

कायद्याने विश्रांतीचा प्रश्न केव्हाच सोडवला आहे, असे म्हणता येते. मोटार परिवहन कामगार अधिनियम 1961 ने दिवसाला आठ व आठवड्याला 48 तास कामाची मर्यादा आणि साप्ताहिक सुटी सांगितली. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांनाच सरसकट लागू होता, आणि एक-दोन गाड्यांचा मालक त्यातून आपोआप सुटत असे.

म्हणून नियमित घरी येण्याची हमी शोधणाऱ्याची नजर एसटीकडे वळत राहिली. मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला आणि 1961 मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाल्यावर संस्थानी बससेवेचा वारसा त्यात विलीन झाला. एसटीतही मुक्कामी गाडी असते, म्हणजे रात्री शेवटच्या गावी थांबून पहाटे परतणारी फेरी. परंतु ती पाळीने येते आणि आधी कळते. अडचण प्रवेशाची आहे : भरतीसाठी अवजड वाहन चालवल्याचा अनुभव लागतो आणि तो बहुधा ट्रकवरच मिळतो, म्हणजे घरच्या नोकरीची पात्रता घरापासून दूर राहूनच मिळवावी लागते. ही नोकरी निश्चिंत असल्याचा समजही 2021–22 च्या प्रदीर्घ संपाने हलला, कारण त्या संपाच्या मुळाशी तुटपुंजा व अनियमित पगारच होता.

अलीकडे हळदीने या निवडीत भर घातली आहे. वसमत हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली हळद साधारण मार्चपासून मोंढ्यात येऊ लागते, म्हणजे गाळप आटोपत असतानाच, आणि त्यामुळे उसावरचा ट्रक थेट हळदीकडे वळवता येतो. मोंढ्यातील भरती-उतराई हमालांकडे असते, सौदे दिवसा होतात व नांदेड-हिंगोलीची खेप एका दिवसात उरकते. घरी येण्याच्या दृष्टीने मालट्रकच्या कामांत हाच काळ सर्वांत बरा ठरतो. सांगलीच्या जुन्या हळद बाजारपेठेची खेप मिळाली, तर मात्र रात्रीचा प्रवास चुकत नाही. पावसाळा लागला की दोन्ही कामे आटतात. चालक तेव्हा घरीच असतो, पण बिनपगारी. आणि याच महिन्यांत पुढच्या गाळपाचे करार ठरू लागतात, मालक चालकाच्या हातावर थोडी रक्कम ठेवतो आणि ती घेतलेल्या चालकाची हिवाळ्यातली निवड जवळजवळ होऊन गेलेली असते.