मुंबईत ७०० मीटरचा टॉवर होणार होता. तो का झाला नाही? आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा त्याच्याशी काय संबंध?

मुंबईत जगातल्या सर्वांत उंच इमारतींच्या तोडीचा टॉवर उभा राहणार, अशी बातमी दर काही वर्षांनी येते. काचेचा मनोरा, खाली समुद्र आणि वर ढग असलेलं संगणकावर काढलेलं चित्र व्हायरल होतं. पुढे त्या टॉवरचं काय झालं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

अशी इमारत उभी करायला काय लागतं? मुंबईत ती अडते कुठे? आणि त्यासाठी लागणारं सिमेंट, पोलाद आणि वीज येते कुठून? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की रस्ता विदर्भातल्या दोन जंगली जिल्ह्यांपर्यंत पोहोचतो.

'सुपरटॉल' म्हणजे किती उंच?

उंच इमारतींची जागतिक नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या व्याख्येनुसार ३०० मीटर किंवा त्याहून उंच इमारत 'सुपरटॉल' आणि ६०० मीटरपेक्षा उंच इमारत 'मेगाटॉल' ठरते. २०१० मध्ये खुली झालेली दुबईची बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे. तिच्या उंचीतले वरचे सुमारे २४४ मीटर वापरात नाहीत. तिथे माणूस राहत नाही की काम करत नाही, तो भाग फक्त उंची वाढवतो.

मुंबईत कचेऱ्यांच्या ओळखीच्या इमारती याच्या कितीतरी खाली आहेत. मुंबई शेअर बाजाराची इमारत साधारण ११८ मीटर उंच आणि २९ मजली आहे. शहरात ३०० मीटरच्या वर गेलेला वरळीचा 'पॅले रोयाल' हा निवासी टॉवर आहे. त्याची उंची ३२० मीटर असून त्याचं काम अनेक वर्षं न्यायालयीन वादात अडकलं होतं.

इंडिया टॉवरचं काय झालं?

दक्षिण मुंबईत चर्नी रोड भागात 'इंडिया टॉवर' उभारायची योजना होती. १२६ मजले आणि सुमारे ७०० मीटर उंची असलेल्या या इमारतीत हॉटेल, दुकानं आणि घरं असणार होती. काम २०१० मध्ये सुरू झालं. २०११ मध्ये महापालिका आणि विकासक यांच्यातल्या वादामुळे ते थांबलं आणि २०१५ मध्ये प्रकल्पच रद्द झाला.

दुसरं उदाहरण लोअर परळच्या 'वर्ल्ड वन'चं. श्रीनिवास मिलच्या जागेवरच्या या निवासी टॉवरची मूळ योजना ४४२ मीटर आणि ११७ मजल्यांची होती. विमानतळ प्राधिकरणाची तेवढ्या उंचीला परवानगी मिळाली नाही. शेवटी तो सुमारे २८० मीटर आणि ७६ मजल्यांवर थांबला.

नितीन गडकरी केंद्रीय नौवहन मंत्री असताना त्यांनीही मुंबई बंदराच्या जमिनीवर बुर्ज खलिफापेक्षा उंच वास्तू उभारण्याची कल्पना मांडली होती. ती प्रत्यक्षात आलेली नाही.

अडतं कुठे?

पहिली अडचण विमानांची. मुंबईचा विमानतळ शहराच्या मधोमध आहे. धावपट्टीच्या आसपास साधारण ४ किलोमीटरच्या टप्प्यात उंचीची मूळ मर्यादा विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर असते. लांब गेलं की ती वाढत जाते. त्याहून उंच बांधायचं तर प्राधिकरणाकडून वेगळा अभ्यास आणि मंजुरी लागते.

दुसरी अडचण लिफ्टची. ऑफिसच्या इमारतीत हजारो लोक सकाळी एकाच वेळी येतात. त्यामुळे घरांच्या टॉवरपेक्षा जास्त लिफ्ट लागतात, आणि जितक्या लिफ्ट वाढतात तितकी प्रत्येक मजल्यावरची भाड्याने देण्याजोगी जागा कमी होते. शिवाय पोलादी दोरावरची लिफ्ट एका दमात साधारण ५०० मीटरपर्यंतच जाऊ शकते. पुढे मधल्या मजल्यावर उतरून लिफ्ट बदलावी लागते.

तिसरी अडचण वाऱ्याची. ठरावीक उंचीनंतर इमारतीचं स्वतःचं वजन पेलण्यापेक्षा वाऱ्याने होणारं तिचं डोलणं आटोक्यात ठेवणं अवघड होतं. त्यासाठी जास्त काँक्रीट आणि पोलाद लागतं, म्हणजे वरचा प्रत्येक मजला खालच्यापेक्षा महाग पडतो.

माल किती लागतो?

बुर्ज खलिफासाठी सुमारे ३ लाख ३० हजार घनमीटर काँक्रीट वापरलं गेलं. एका मिक्सर ट्रकमध्ये ६ घनमीटर काँक्रीट धरलं तर या ५५ हजार खेपा होतात. एका घनमीटरला ४०० किलो सिमेंट आणि राख धरली तर हा आकडा सुमारे १ लाख ३० हजार टनांवर जातो.

सिमेंटचा मूळ घटक असलेल्या एक टन क्लिंकरसाठी साधारण दीड टन चुनखडी भाजावी लागते. एक टन पोलादाला साधारण १.६ टन लोहखनिज लागतं. आणि कोळशावर १ युनिट वीज तयार करायला ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो.

चंद्रपूर कुठे येतं?

चुनखडी, लोहखनिज आणि कोळसा या तिन्ही गोष्टी चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जमिनीत आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात आवारपूर, गडचांदूर, उपरवाही आणि घुग्घुस या पट्ट्यात मोठे सिमेंट कारखाने आहेत. एखाद्या टॉवरला कुठलं सिमेंट लागेल हे ठेकेदार ठरवतो, पण राज्यातल्या सिमेंटचा मोठा वाटा याच जिल्ह्यातून येतो.

विजेचं नातं तर आणखी सरळ आहे. चंद्रपूरचं महाऔष्णिक विद्युत केंद्र २,९२० मेगावॅट क्षमतेचं, महानिर्मितीचं सर्वांत मोठं केंद्र आहे. १९९९ पासून चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची आणि १,५०० मेगावॅट क्षमतेची उच्चदाब वाहिनी आहे. विदर्भात तयार झालेली वीज राज्याच्या पश्चिम टोकाला पोहोचवणं, हेच तिचं काम.

याची किंमतही नोंदलेली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होतं. याच जिल्ह्यात ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आहे, आणि वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटांना कोळशाच्या खाणी अगदी लागून आहेत.

आणि गडचिरोली?

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा दोन तृतीयांशांहून जास्त भाग जंगलाखाली आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागड डोंगरावर उच्च प्रतीचं लोहखनिज आहे. तिथल्या सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ मध्ये मंजूर झाला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तिथली पंच्याहत्तरहून अधिक वाहनं जाळली आणि काम थंडावलं. २०२१ पासून उत्खननाने वेग घेतला. २०२३ मध्ये वर्षाला १ कोटी टनांची मंजुरी मिळाली आणि नंतर ती मर्यादा आणखी वाढवण्यात आली. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला पोलाद प्रकल्प उभा राहत आहे.

जिल्ह्यात इतका मोठा उद्योग याआधी कधी आला नव्हता. त्यामुळे स्थानिक तरुणांना नोकऱ्या मिळतात, हा समर्थनातला मुख्य मुद्दा आहे. दुसरीकडे, सूरजागडचा डोंगर माडिया गोंड समाजाच्या ठाकूरदेवाचं स्थान आहे आणि तिथे दरवर्षी जानेवारीत यात्रा भरते. खनिजाच्या ट्रकांमुळे खराब झालेले रस्ते, धूळ आणि अपघात यांच्या तक्रारीही सतत होतात. परिसरातल्या अनेक ग्रामसभांनी खाणींना विरोध केला आहे.

परवानगी कोणाची?

उंच टॉवरला विमानतळ प्राधिकरण, महापालिका, अग्निशमन दल अशा अनेकांची परवानगी लागते, आणि एकाने नाही म्हटलं तरी उंची कमी करावी लागते. 'वर्ल्ड वन'बाबत तेच झालं.

जंगलाच्या बाबतीत वनहक्क कायदा २००६ चा आहे. वनजमीन दुसऱ्या कामासाठी द्यायची तर ग्रामसभेची संमती घ्यावी, असं केंद्राने २००९ मध्ये स्पष्ट केलं होतं. २०२२ च्या नव्या नियमांनी मात्र वनहक्कांची पूर्तता तपासण्याची जबाबदारी केंद्राच्या अंतिम मंजुरीनंतर राज्य सरकारवर टाकली. मंजुरी आधीच मिळाली असेल तर ग्रामसभेच्या नकाराला वजन किती उरतं, हा त्यावरचा मुख्य आक्षेप आहे.

याच गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गाव आहे. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये आपला बांबू स्वतः विकण्याचा अधिकारही. या गावाची घोषणा देशभर प्रसिद्ध आहे: "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार."

मुंबईतल्या पुढच्या उंच टॉवरचं चित्र व्हायरल होईल तेव्हा त्यात मजले आणि मीटर लिहिलेले असतील. चुनखडी, लोहखनिज आणि कोळसा कुठून येणार आणि तिथल्या गावांना विचारलं का, हे त्या चित्रात नसतं.