डोकं कोणाचं मोजायचं?

पूर्वग्रहाचा अभ्यास म्हटला की आज मेंदूची रंगीत चित्रं समोर येतात. या अभ्यासाचं घराणं शोधत मागे गेलं की मात्र आधी भेटतं ते नाक. बंगालमधले अधिकारी हर्बर्ट रिस्ली यांनी १८९१ च्या सुमारास माणसांच्या नाकाची रुंदी भागिले उंची असा हिशेब मांडला आणि निष्कर्ष काढला, की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. मद्रासच्या सरकारी संग्रहालयाचे प्रमुख एडगर थर्स्टन यांनी दक्षिणेत हेच माप चालवलं. त्यांचे सात खंड १९०९ मध्ये निघाले. ज्याला समाज खालचा म्हणतो त्याचं डोकं आणि नाक मोजायचं, असा या शास्त्राचा रोख होता. त्याला खालचा म्हणणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं, हा प्रश्न नाक मोजणाऱ्या कॅलिपरच्या कक्षेबाहेरचा.

खरं तर तो प्रश्न पासष्ट वर्षं आधीच तंजावरात येऊन ठेपला होता. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर १८२६ च्या मार्चमध्ये ईस्टरसाठी तिथं आले. गादीवर आपले मराठे सरफोजीराजे होते. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीत त्यांचं शिक्षण झालेलं. त्याच श्वार्ट्झचे दुसरे शिष्य वेदनायगम शास्त्री, वरच्या समजल्या जाणाऱ्या वेल्लाळ जातीचे ख्रिस्ती कवी, राजांच्या पदरी होते. चर्चमध्ये वेल्लाळ ख्रिस्ती एकीकडे आणि दलित ख्रिस्ती दुसरीकडे बसत. जुन्या मिशनऱ्यांनी हे चालवून घेतलं होतं, नव्यांना ते खपेना. हेबर यांनी सरळ चौकशी मांडली : हे वेगळं बसणं धर्माच्या समजुतीतून येतं, की ती नुसती लौकिक रीत आहे? म्हणजे बसणाऱ्यांच्या मनात काय आहे? त्यांचा स्वतःचा कल सबुरीचा होता. पण तंजावरहून त्रिचनापल्लीला गेल्यावर ३ एप्रिलला त्यांचा मृत्यू झाला.

उत्तर मिळालं ते दुसऱ्या बाजूनं. १८२९ मध्ये वेदनायगम शास्त्र्यांनी जातीच्या रिवाजाची बाजू मांडणारं लेखन केलं. मला या मागोव्यातला हा टप्पा फार मोलाचा वाटतो. आपण उच्चनीच का पाळतो हे पाळणाऱ्यानंच लिहून ठेवावं, असं सहसा घडत नाही. आणि शास्त्री काही कपटी गृहस्थ नव्हते. त्यांची भक्तिगीतं तमिळ चर्चमध्ये आजही गायली जातात. पुढं बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये पत्रक काढलं, की चर्चमधले जातिभेद ताबडतोब आणि कायमचे बंद. पुष्कळ वेल्लाळांनी चर्चच सोडलं. हेबर यांचा प्रश्न अशा रीतीनं हुकमानं मिटवला गेला. त्याचा अभ्यास कोणी केला नाही.

नाकाच्या मापाला धक्का दिला तो मराठी माणसांनी. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात हे आकडे प्रांतवार तपासले. १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमाविषयी लिहिताना डॉ. आंबेडकरांनी घुर्यांचीच आकडेवारी घेतली आणि दाखवलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे ठरत नाहीत. साहेबाच्याच कॅलिपरनं साहेबाचा सिद्धान्त मोडला. त्याआधी १९३६ मध्ये, लाहोरसाठी लिहिलेल्या पण कधी न झालेल्या भाषणात, जात ही मनाची अवस्था आहे असं त्यांनी मांडून ठेवलं होतंच. माप कुठं लावायला हवं, याचा पत्ता त्यांनी तिथंच दिला होता.

जगातही तोवर वारं फिरू लागलं होतं. १९२५ मध्ये अमेरिकेत एमरी बोगार्डस यांनी सामाजिक अंतराची पट्टी काढली : अमक्या गटातला माणूस जावई म्हणून चालेल का, शेजारी म्हणून, की देशातच नको? स्वातंत्र्यानंतर भारत सरकार आणि युनेस्कोच्या निमंत्रणावरून मानसशास्त्रज्ञ गार्डनर मर्फी १९५० मध्ये इथं आले. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, त्यामुळे त्यांचा भर हिंदू-मुस्लिम ताणावर राहिला.

जातीसाठी पुन्हा तंजावरलाच यावं लागतं. कावेरीच्या या भाताच्या पट्ट्यात मानवशास्त्रज्ञ कॅथलीन गॉफ १९५१ ते ५३ मध्ये राहिल्या, समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेय १९६१-६२ मध्ये. बेतेय यांनी आपल्या गावाला श्रीपुरम असं टोपणनाव दिलं. बोगार्डसची पट्टी कागदावरची. इथं ती जमिनीवरच आखलेली होती. अग्रहारात ब्राह्मण, पुढच्या गल्ल्यांत ब्राह्मणेतर, गावाबाहेर चेरीत आदिद्रविड, म्हणजे दलित. बेतेय अग्रहारातच राहिले, त्यामुळे गाव त्यांना ब्राह्मणांच्या बाजूचा समजू लागलं आणि चेरीत सहज जाणं-येणं अवघड झालं. संशोधकालाही गल्ली चिकटते ती अशी. त्यांनी एक गमतीची गोष्ट नोंदवली : ब्राह्मण चेरीत जात नाही ते विटाळाच्या भीतीनं, पण त्यानं पाऊल टाकलं तर अरिष्ट येईल असं चेरीलाही वाटतं. पूर्वग्रह एकाच बाजूच्या डोक्यात राहत नाही, हे इथं दिसलं.

श्रीपुरमवरच्या बेतेय यांच्या पुस्तकानंतर तीन वर्षांनी, २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात मजुरीच्या भांडणातून ४४ दलितांना जाळून मारण्यात आलं. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. खालच्या कोर्टानं जमीनदारांना शिक्षा दिली, मद्रास उच्च न्यायालयानं सोडलं. इतके बडे जमीनदार, त्यातल्या एकाकडे तर मोटार, ते स्वतः चालत जाऊन घरं पेटवतील हे पटत नाही, असा तिथल्या युक्तिवादाचा एक धागा होता. खालच्याविषयीचा वाईट समज सगळ्यांना पूर्वग्रह म्हणून ओळखू येतो. वरच्याविषयीचा चांगला समज मात्र निकालपत्रात सामान्य व्यवहारज्ञान म्हणून बसू शकतो.

मेंदूपर्यंत पोचायला विसावं शतक संपावं लागलं. १९९८ मध्ये ग्रीनवाल्ड, मॅकगी आणि श्वार्ट्झ (तंजावरच्या मिशनऱ्याशी नुसतं नावाचं साम्य) यांनी कळ दाबायला लागणाऱ्या वेळेवरून मनातला अव्यक्त कल मोजायची चाचणी आणली. २००० मध्ये एलिझाबेथ फेल्प्स आणि सिकंदराबादमध्ये जन्मलेल्या महजरीन बानाजी यांच्या गटानं गोऱ्या लोकांना अनोळखी काळे चेहरे दाखवून मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची हालचाल टिपली. तिचा मेळ अव्यक्त चाचणीशी बसला, उघडपणे दिलेल्या उत्तरांशी नाही. ओळखीचे, प्रसिद्ध काळे चेहरे दाखवल्यावर तो मेळही गेला. प्रयोग मूठभर माणसांवरचा होता, आणि त्या चाचणीत एकाच माणसाचा आकडा आज एक, उद्या दुसरा येतो ही टीका रास्त आहे. तरी मोजणी अखेर बघणाऱ्याच्या डोक्यावर आली, हे मान्य करायला हवं.

आपल्याकडची अडचण निराळी. जात चेहऱ्यावर दिसत नाही, रिस्लींचा नाकाचा हिशेब टिकला नाही तो त्याचमुळे. मग स्कॅनरसमोर दाखवायचं काय? मिशिगन विद्यापीठाचे रामस्वामी महालिंगम यांनी यंत्राऐवजी कल्पनेतली शस्त्रक्रिया वापरली : एकाचा मेंदू दुसऱ्याला बसवला तर तो कसा वागेल, असं भारतातल्या ब्राह्मणांना आणि दलितांना विचारलं. माणसाचं स्थान जन्मजात मानण्याकडे वरच्यांचा ओढा जास्त दिसला. ते समाजानं घडवलेलं आहे, हे दलितांना अधिक पटत होतं. २००६ मध्ये कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या मुलांवर केलेला प्रयोग छापून आला. कागदावरची कोडी सोडवताना वरच्या जातींची आणि दलित मुलं बरोबरीत होती, पण सगळ्यांसमोर जात वाचून दाखवली की दलित मुलांची कामगिरी घसरली. २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी नोकऱ्यांसाठी सारख्याच पात्रतेचे अर्ज धाडले, फरक फक्त नावांचा. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली.

थोरातांची रीत आडनावावर चालते, आणि ती तंजावरात जशीच्या तशी चालणार नाही. १९२९ मध्ये चेंगलपट्टूच्या परिषदेत पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीनं नावामागची जात टाकायचं ठरवलं, आणि तमिळ माणसांनी ते मोठ्या प्रमाणावर पाळलंही. नावाला ‘राव’ जोडणारा तंजावरी मराठी माणूस त्यामुळे उलट चटकन ओळखू येतो. बाकीच्यांना विचारावं लागतं : गाव कुठलं, आणि गावात घर कुठल्या गल्लीत?